पायांकडली वाट

टेप विकत घ्यायची तर आधी तिचं शून्य बघावं. काही टेपांचं शून्य कडीच्या बाहेरच्या काठापासून धरतात, काहींचं कडी सोडून चार बोटं आत असतं. हे न बघता मोजणारा माणूस प्रत्येक भिंतीला चार बोटं चुकतो. कापडी टेप हाताळायला हलकी, पण ओढून ओढून लांबते आणि भिजली की आखडते. पोलादी टेप खरी, फक्त ती उन्हात तापवू नये आणि काम झालं की तिच्यावरून तेलाचा बोळा फिरवावा. डिचोलीला कृष्णनाथबाबांच्या ऑफिसात अकरा वर्षं मी घरांची मापं लिहीत होते. हे मला कुणी शिकवलं नाही, चुका बघून शिकले.

कृष्णनाथबाब व्हॅल्युअर होते, घरांची किंमत ठरवणारे. उंच, काठीसारखे बारीक, कपड्यांना कडक इस्त्री. कुणाला बँकेचं कर्ज हवं असलं की त्याचं घर ते पोलादी टेपनं मोजत. कंपनीसाठी कुणाचं घर घ्यायचं असलं की चामड्याच्या डबीतली जुनी कापडी टेप बाहेर यायची. ती कधीतरी एक आणि दोन मीटरच्या मध्ये तुटली होती. तिथं त्यांनी वीतभर कोऱ्या कापडाची पट्टी घालून ती शिवून घेतली होती. पट्टीवर आकडे नव्हते. त्यामुळे दोन मीटरच्या वरचं कुठलंही माप एक वीत कमी भरायचं. गोवा राज्य झालं त्या वर्षी ऑफिसची पाटी नवी रंगवली, खुर्च्या बदलल्या. टेप तीच राहिली.

मी एकदाच बोलले. मुळात मी हळू बोलते, राग आला की आणखी हळू. म्हटलं, बाब, ही पट्टी मापात धरायला हवी. त्यांनी माझ्या कपाळावरच्या अंगाऱ्याकडे बघितलं.

"जानकीबाय, देव तुका मीटर शिकयता काय गो?"

ऑफिसातले सगळे हसले. मी वही उघडली आणि पुढचं माप लिहिलं. तुळशीला पाणी घालून, एकशे आठ नामं घेऊन घराबाहेर पडणारी बाई मी, आणि खोटी मापं माझ्याच वळणदार अक्षरात. राग बाबांवर होता तेवढाच माझ्यावरही होता. जपाला बसले की मणी पुढे सरकायचे, राग जागचा हलायचा नाही.

१९९०च्या फाल्गुनात आमोण्याचं काम आलं. नदीकाठची पाच घरं. एका खाण कंपनीला तिथं बार्जीत, म्हणजे नदीतल्या मालवाहू बोटीत, भरायच्या खनिजाचे ढीग घालायचे होते. बदल्यात कंपनी वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, घरं बांधून देणार होती. नियम सोपा होता. खोली आतून जेवढी भरेल तेवढीच नवी खोली मिळेल.

तिसरं घर सत्यवतीचं. तिचा नवरा भिकाजी बार्जीवर कामाला असायचा. सहा वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो मागच्या अरुंद खोलीत खाटेवर पडून होता. बोलणं गेलेलं, डावा हात तेवढा हलायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सत्यवती त्याला दिवसातून आठ वेळा कुशीवर वळवायची. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. खाटेचं डोकं भिंतीला टेकलेलं, त्यामुळे एका बाजूकडून दुसरीकडे जायची वाट त्याच्या पायांकडून होती. खाट आणि भिंत यांच्या मधली, दोन विती रुंद.

मोजताना टेपची कडी धरून मीच त्या वाटेत उभी होते. पाठ भिंतीला, गुडघे खाटेला न लागता. डोक्याकडून बाबांनी आकडा वाचला, दोन तेहतीस. काखेतली वही काढून मी तो लिहिला. सत्यवतीनं एवढंच विचारलं, की नव्या घरात ही खोली एवढीच होईल ना, ह्यांना फिरवायला जागा लागते. बाब म्हणाले, एवढीच, बोटभरसुद्धा कमी नाही.

आठ दिवसांनी ती ऑफिसात आली. बाब बाहेर गेले होते. बाकावर बसून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बाय, पायांकडली वाट गेली."

मला वाटलं, खाट सरकली असेल. खाट सरकली नव्हती. अजून भिंतीला तशीच टेकली होती, ती म्हणाली. पण आता तिला अंग तिरकं करून जावं लागत होतं. कसं, ते तिनं उठून दाखवलं. पोट आत घेऊन, हात वर करून, एका अंगानं.

रविवारी मी आमोण्याला गेले. टेप माझी होती, म्हापशाच्या दुकानात शून्य बघून घेतलेली पोलादी टेप. कडी डोक्याकडच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवली आणि टेप पायांकडच्या भिंतीपर्यंत ओढली. दोन तेहतीस. पुन्हा मोजलं. दोन तेहतीस.

पायांकडच्या भिंतीला कुठं तडा नव्हता. चुन्याचे जुने थर जसेच्या तसे, कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा न तुटलेलं. त्याच भिंतीतल्या खिडकीत औषधाच्या बाटल्या एका ओळीत उभ्या असायच्या. त्या अजून तशाच होत्या, पण त्यांच्या मागे वीतभर रिकामी जागा आली होती. बाहेर जाऊन बघितलं तर भिंत शेजारच्या घराच्या रेषेतच होती. भिंत आतल्या अंगानं जाड झाली होती. मी वाटेत शिरून बघितलं. खाटेची कड पोटात रुतली. भिकाजी माझ्याकडे बघत होता.

भीती वाटली, पण थोडीच. रागच जास्त आला. खोटं माप लिहिलं होतं, ते आता खोटं उरलं नव्हतं. घरच बाबांच्या बाजूनं साक्ष देत होतं.

शेजारच्या घरात विचारलं. तिथली बाई सांगायला लाजली, पण पाळण्याचा झोका हल्ली भिंतीला लागतो म्हणाली. आपलीच आठवण चुकत असेल असं तिला वाटत होतं.

सोमवारी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझी पोलादी टेप किती दाखवते? दोन तेहतीस, मी म्हटलं.

"मगे? माजी टेप बरोबर न्हय?"

त्याच आठवड्यात कंपनीचा इंजिनियर आपली टेप घेऊन पाचही घरं तपासून गेला. सगळी मापं जुळली. तुमच्या ऑफिसचं काम चोख, असं तो माझ्यासमोर म्हणाला. मी मान खाली घातली. व्रत करणाऱ्या बाईनं रागावू नये म्हणतात.

मग शेवटचं मोजमाप राहिलं. मालकासमोर एकदा मोजायचं आणि त्याची सही घ्यायची. बाबांनी सकाळी टेबलावरून चामड्याची डबी उचलली. मी पोलादी टेप पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सारली. आमोण्याला पोचल्यावर मी सत्यवतीला बाजूला घेऊन सांगितलं, मोजू देऊ नकोस. ती म्हणाली, सही केली नाही तर घर मिळणार नाही, आणि खनिज तर येणारच. दोन बार्जी येऊन थांबल्या होत्या. अंगणातल्या तुळशीवर तांबडी धूळ बसली होती.

खोलीत उकडत होतं. तेलाचा, औषधाचा, ओल्या चुन्याचा वास. मी वाटेत शिरायला तयार नव्हते. बाबांनी माझ्या हातातली कडी काढून घेतली.

"तू भियेता जाल्यार दी हांगा. हांव धरतां."

बारीक अंगाचे होते, म्हणून मावले. पाठ भिंतीला, हनुवटी वर, विजार चुन्याला लागू नये म्हणून एका हातानं आवळून धरलेली. मी डबी घेऊन डोक्याकडे गेले आणि टेप ताणली. ती पट्टी भिकाजीच्या छातीवर आली. त्याचा डावा हात चादरीवर उघडझाप करत होता.

टेप दोन अकरा दाखवत होती, पुन्हा एक वीत कमी.

मी काहीही सांगू शकले असते. दोन तेहतीस म्हणाले असते तर कुणाला कळलं नसतं.

"कितली?" बाबांनी विचारलं.

"दोन अकरा."

"बरय मगे." ते हसले. "बरय."

मी वही उघडली. मान खाली घालून आकडा लिहिला. एकदा गिरवला.

आवाज काहीच झाला नाही.

टेप हातात ताठ होती. एक नाम घ्यायला वेळ लागतो तेवढा वेळ ती ताठच राहिली, मग सैल झाली.

मी वर बघितलं. भिकाजीच्या पायांची बोटं भिंतीला टेकली होती.

दारातून सत्यवतीनं विचारलं, बाब खंय गेले? मी डबीची मूठ फिरवली. टेप निमूट आत आली. कडीवर पांढरा चुना होता.

बाबांची स्कूटर चार दिवस फणसाखाली उभी होती. नदीत शोध घेतला. ते मागच्या दारानं उतरून फेरीबोटीकडे गेले असं कुणीतरी सांगितलं, मग आणखी दोघांनी सांगितलं. पोलिसांनी मला विचारलं ते सगळं मी खरं सांगितलं. लिहिताना मला काय माहीत होतं, हे त्यांनी विचारलं नाही. मी स्वतःला रोज विचारते, आणि राग अजून मला उत्तर देऊ देत नाही.

ऑफिसात अहवाल पुरा करायला मीच उरले होते. पाचही घरांच्या खोल्यांना गेलेली एकेक वीत मी परत घातली. सत्यवतीच्या खोलीला दोन विती, ती दोन पंचावन्न लिहिली. कंपनीनं पुन्हा तपासणी केली नाही, आमच्या ऑफिसचं काम चोख होतं ना.

वैशाखात सड्यावर जोती उभी राहिली. नव्या घराच्या कागदांवर सही घ्यायला मी आमोण्याला गेले. सत्यवती नवी खोली पावलांनी मोजून आली होती. पायांकडून सरळ चालत जाता येईल, म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. चहा ठेवून ती नवऱ्याला वळवायला आत गेली. इथली भिंत मागे सरली नव्हती, हल्ली एकाच बाजूनं जमवावं लागत होतं, म्हणून मी हात लावायला गेले.

तिनं त्याला कुशीवर घेतलं तसा त्याचा पाय घसरला आणि तळवा भिंतीला लागला.

भिकाजीचा डावा हात सावकाश उठला. भिंतीकडे झाला, आणि मग कपाळाला लागला. चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो, तसा.

"त्या दिसापासून अशेंच करता," सत्यवती म्हणाली, आणि त्याचं पांघरूण सारखं केलं.