सेनापतींची खुर्ची

अहो, उभे का? त्या बाकावर बसा. खुर्चीवर मी आता कुणाला बसवत नाही.

काम अगदी साधं होतं. एका बाईंच्या जुन्या खुर्चीचा पाय ढिला झाला होता, तो सरस लावून बसवायचा. भर दुपार, घरात लख्ख उजेड. मी आणि दादा, सख्खे भाऊ, दोघंही सुतार.

"आमच्या पूर्वजांकडे हरलेले सेनापती आश्रयाला आले होते," बाई म्हणाल्या. "या खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. म्हणून घरात कोणी बसत नाही तिच्यावर."

"बाई, सेनापती कधीच वर गेले!" दादाच्या जिभेला हाड नाही.

"जाताना कोणी पाहिलं नाही," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

आमच्या कामात रीत आहे. सरस लावला की तो सुकेपर्यंत थोरल्याने वर बसायचं. भार पडला की सांधा घट्ट धरतो. दादा बसला. बराच वेळ माझी टर उडवत होता, मग एकाएकी हात पुढे केला.

"धाकट्या... हात दे रे जरा."

मी ओढलं. तो जागचा हलेना.

"मस्करी पुरे हं, दादा."

"मांडीवर... कोणीतरी बसलंय."

त्याची पँट दोन्ही मांड्यांवर चेपली गेली होती. ओल्या चामड्याचा वास आला. शेजारच्या दोघांना हाका मारल्या, तिघांनी मिळून जोर लावला. दादा कळवळला, "कंबर तुटेल रे... सोडा!" बाई दारात उभ्या राहून नुसत्या रडत होत्या.

तेव्हा मला अवदसा आठवली. म्हटलं, खुर्चीच मोडू, म्हणजे सुटेल! करवत घेतली आणि एकेक करत चारही पाय कापून काढले.

खुर्ची खाली आली नाही. तसूभरही नाही. दादाची दोन पावलं तेवढी जमिनीवर होती.

त्याने वाकून पाहिलं. "अरे... आता सगळं माझ्याच पायांवर आलं."

महिना झाला. डॉक्टर येतात, मान हलवून जातात. मी रोज बाईंकडे जातो, दादाला भरवतो, माफी मागतो. "असू दे रे, तुझा काय दोष!" दादा म्हणतो. ते ऐकून काळीज तुटतं हो.

काल पाय चेपत होतो. पिंढरी गार लागली. नखाने टकटक केलं, दादाला कळलंसुद्धा नाही. लाकडात जन्म गेला माझा, आवाज ओळखतो मी. चांगलं मुरलेलं लाकूड होतं ते.