पलीकडून धरलेली भिंत

श्युर त्या शनिवारी दुपारी आईच्या खोलीत आडभिंत घालत होता. आईला, बोर्गहिल्डला, वृद्धाश्रमात जाऊन तीन आठवडे झाले होते. "माझी खोली आहे तशीच ठेवशील ना रे?" तिनं निघताना विचारलं होतं. गाडीचं दार लावता लावता तो "हो गं" म्हणाला होता.

छताचा भार न घेणारी साधीच भिंत. अर्धी खोली भाड्यानं द्यायची, तिला स्वयंपाकघरातून नवं दार उद्या पाडायचं. तोवर पलीकडे जायला वाटच उरणार नव्हती.

"शेवटचा तुकडा एकट्यानं उभा करू नकोस. कंबर धरेल," बायको गुनवोर दुकानात जाताना म्हणाली होती. पण त्याला एकदाचं उरकायचं होतं. आईच्या पलंगाच्या पायांनी लाकडी जमिनीत पाडलेले खड्डे दिसत होते. तिकडे त्याला बघवत नव्हतं.

जमिनीवरच जिप्समचे पांढरे तक्ते ठोकलेला तो जड सांगाडा त्यानं रेटत उभा केला. तो पलीकडे कलंडू लागला… आणि थांबला. कुणीतरी तिकडून अलगद पेलला होता.

"आलीस? जरा डावीकडे घे."

भिंत डावीकडे सरकली.

"बस, बस."

त्यानं भराभरा स्क्रू मारले. शेवटची फट बुजली. तेवढ्यात खाली जिन्यात पिशव्या वाजल्या.

"श्युर, वर कोणाशी बोलतोयस?" गुनवोरनं हाक मारली.

तो भिंतीपासून एक पाऊल मागे सरला. खिशातला फोन वाजला. वृद्धाश्रमातली परिचारिका होती.

"तुमच्या आई दहा मिनिटं झाली, दोन्ही हात पुढे करून उभ्या आहेत. बसायला तयार नाहीत. म्हणतात… श्युरला विचारा, आता सोडू का?"

फ्योर्डच्या पाण्याकाठानं त्यानं गाडी कशी हाकली, त्याचं त्यालाच ठाऊक. आई तशीच उभी होती, दंड थरथरत होते. त्यानं तिचे हात धरून खाली घेतले. तळव्यांना पांढरी भुकटी लागली होती.

"सोड, आई. चुकलं माझं."

ती हुश्श करून बसली. त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "दार मात्र आजच पाड हो. ती आत अडकलीय."

"कोण…?"

"अरे, एवढं ओझं मी एकटीनं पेललं असतं होय?"