व्याळाच्या मानेवरचा हात

‘व्याळगाथा ही चित्रमालिका पाहिलेल्या एकाही जखमी सैनिकाने मृत्यूपूर्वी वेदनेची, भीतीची अथवा दुर्लक्षाची तक्रार केलेली नाही.’

पठारावरच्या सैनिकी शुश्रूषालयाच्या अहवालातले हे पहिले वाक्य जाड ठशात छापलेले होते. सरकारी अहवालातली जाड ठशातली वाक्ये सहसा जितकी खरी असतात, त्याहून हे पुष्कळच खरे होते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि डॉ. अंबिका टिळेकर यांना अस्वस्थ केले ते नेमके यानेच.

अंबिकाबाई विकृतिशास्त्रज्ञ होत्या. माणूस कशाने मेला हे त्याच्या देहाला विचारणे हा त्यांचा व्यवसाय. तक्रार न करणाऱ्या माणसांशीच त्यांचा आयुष्यभर संबंध आलेला होता, त्यामुळे तक्रार नसणे हा समाधानाचा पुरावा आहे असे मानण्याइतका भाबडेपणा त्यांच्यात उरला नव्हता. काही कुटुंबांनी आग्रह धरल्यामुळे नेमलेल्या चौकशी समितीत त्यांना घेण्यात आले, तेव्हा त्यांनी ते वाक्य टेबलावर ठेवून एखाद्या अवयवासारखे उघडले.

शुश्रूषालयातून त्यांच्याकडे आलेल्या मृतदेहांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. पोटात आतल्या आत रक्तस्राव झालेला असे, आणि तो कित्येक तास चाललेला असे. असा रक्तस्राव गुपचूप येत नाही. तोंडाला कोरड पडते, अंग गार पडते, आणि या सगळ्याच्या आधी रोग्याला कळते की आपल्याला काहीतरी भयंकर होत आहे. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांनी या जाणिवेची नोंद लक्षण म्हणून केलेली आहे, स्वभावदोष म्हणून नव्हे. ‘डॉक्टर, मी आता मरणार’ असे रोगी म्हणाला, तर शहाणा डॉक्टर त्याची समजूत घालत बसत नाही. तो आधी त्याचे पोट तपासतो.

या सैनिकांच्या उशाशी घंटेचे बटण लोंबत होते. कुणीही ते दाबले नव्हते. परिचारिकांच्या जबानीनुसार प्रत्येकाचा उजवा हात छातीवर नीट ठेवलेला सापडला होता आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर स्मित होते. अहवालाने त्या स्मिताचीही नोंद केली होती. रक्ताची नोंद करायला अंबिकाबाईंची सुरी लागली.

व्याळगाथा ही मोठ्या डोळ्यांच्या माणसांची, जपानी ॲनिमेच्या धाटणीची मालिका होती. मूळ आराखड्यात ड्रॅगन होते. परकीय प्राण्याच्या सहवासात भारतीय जवानाने मरणे उचित नाही, असे एका उच्चस्तरीय समितीला वाटल्यावरून मंदिरांच्या खांबांवर कोरलेला व्याळ हा काल्पनिक पशू शोधून काढण्यात आला. मालिका अशा रीतीने स्वदेशी झाली. तिचा उपयोग तोच राहिला.

प्रत्येक प्रेक्षकाला एक व्याळाचे अंडे मिळे. पिल्लू त्याच्या डाव्या खांद्यावर बसून वाढे, मग आकाशभर मोठे होई, मग युद्ध येई. पलंगाच्या पायथ्याचा पडदा हे दाखवता दाखवता प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या, श्वास आणि नाडी वाचत असे आणि त्यांवरून एक आकडा काढत असे. त्याला भयांक म्हणत. मरणाच्या ज्या प्रसंगाला भयांक चढे, तो प्रसंग वेगळ्या रूपात, वेगळ्या आवाजात परत येई, भयांक उतरेपर्यंत. म्हणून प्रत्येकाची व्याळगाथा वेगळी होती. शेवटचा भाग मात्र सर्वांचा एकच. त्यात जखमी व्याळ पर्वताच्या कड्यावर आडवा होई आणि स्वाराने त्याच्या मानेवरचा हात स्वतःहून काढून घ्यायचा असे. हात काढला की व्याळ प्रकाश होऊन जाई.

ही कल्पना डॉ. हेमकांत रिसबूड यांची. मानसशास्त्रात त्यांचे नाव मोठे होते. उत्तर सीमेवरचे युद्ध लांबले, खाटा अपुऱ्या पडू लागल्या, आणि जखमींच्या किंकाळ्या दूरचित्रवाणीवर ऐकू येऊ लागल्या, तेव्हा शासनाला एकाएकी मृत्यूच्या तत्त्वज्ञानात रस उत्पन्न झाला. रिसबूड यांच्याकडे ते तत्त्वज्ञान तयार होते.

समितीच्या पाहणीच्या दिवशी तेच अंबिकाबाईंना कक्षातून फिरवत होते. कक्ष स्वच्छ होता आणि विलक्षण शांत होता. दाराजवळच्या पलंगावर हवालदार ओंकार जगदाळे हा साताऱ्याकडचा तरुण पडलेला होता. तोफगोळ्याच्या कपच्या लागून त्याच्या डाव्या बरगड्या मोडल्या होत्या. तो बरा होत आहे, असे फलकावर लिहिले होते. शेजारी स्टुलावर त्याची बायको काजल बसली होती. पांढरा कोट दिसताच ती उठली.

“मॅडम, तुमी मोठ्या डॉक्टर हायसा का? मग यांचं कायतरी करा. सकाळधरनं मला म्हणत्यात, दुसरं लगीन कर. आन् कसं म्हणत्यात! दळण टाकून ये म्हणावं तसं.”

“अगं, वाईट काय बोललो?” ओंकार हसला. त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. “तुझं वय काय हाय अजून.”

“माझं वय तुमी काढू नका.” काजल अंबिकाबाईंकडे वळली. “लग्नात मानपानावरनं माझ्या मामाच्या अंगावर धावून गेलेला माणूस हाय ह्यो. चहाला साखर कमी पडली तर घर डोक्यावर घ्यायचा. मगाशी मुद्दाम म्हटलं, तुमची बुलेट इकून टाकते. तर म्हणला, इक. बुलेट, मॅडम! मला हात लावू द्यायचा न्हाई तिला.”

रिसबूड यांनी आवाज खाली आणला. “बघितलंत? आसक्ती गळून पडली आहे. एवढ्यासाठी लोक हिमालयात जातात, टिळेकरबाई.”

“त्यांतले जे परत येतात, त्यांना भूक लागलेली असते,” अंबिकाबाई म्हणाल्या.

रिसबूड यांचा फोन वाजला. त्यांनी त्यावरचे नाव पाहिले, आणि त्यांचा व्याख्यानाचा आवाज क्षणात बदलला. “हो आई. नाही गं, काही होत नाहीये तुला. श्वास घे बरं. पाणी पी घोटभर. मी निघतोच आहे, तासाभरात पोचतो. हो, नक्की.” फोन ठेवून ते ओशाळे हसले. “नव्वदीला टेकलीय. अंथरुणावरच असते. दिवसातून कितीदा तरी तिला वाटतं, आता गेलेच. जावं लागतं.”

अंबिकाबाई तोवर ओंकारच्या पलंगाशी वाकल्या होत्या. त्याचा तळहात गार आणि घामाने चिंब होता. मनगटाखाली नाडी धावत होती. पोट लाकडासारखे ताठ लागले.

“जगदाळे, खांदा दुखतो का कुठला?”

“डावा, मॅडम. जरा ठणकतोय. पिल्लू असताना तिथंच बसायचा न्हवं, त्याची नखं रुतलीत.” ते त्याने प्रेमाने सांगितले.

डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते. मार बसल्यावर ती कधीकधी काही दिवस तग धरते आणि मग फुटते; सांडलेले रक्त छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाला लागले की ठणका डाव्या खांद्यात जाणवतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकवतात. ओंकारला त्याच ठणक्याचा दुसरा अर्थ शिकवण्यात आला होता, आणि तो अधिक सुंदर होता.

अंबिकाबाईंनी फलकाकडे पाहिले. नाडी बिघडली की त्यावरचा दिवा लाल होऊन घंटा वाजायची असे; पण दिवा हिरवा होता.

“नाडी एवढी धावते आहे आणि फलक हिरवा?”

“युद्धाचा प्रसंग चालू होता ना,” रिसबूड म्हणाले. आपल्या कामाबद्दल विचारले की त्यांना आनंद होत असे. “ही धडधड कथेची आहे. यंत्र ती वजा करतं. सुरुवातीला आम्ही वजा करत नव्हतो, तर व्याळांची झुंज सुरू झाली की सगळ्या कक्षात घंटा वाजत सुटायच्या. परिचारिका धावून धावून बेजार.”

“धडधड कथेची की माणसाची, हे यंत्राला कशावरून कळतं?”

“भयांकावरून. भयांक शून्याजवळ असेल तर धोका नाही.”

“म्हणजे भीती आधी तुम्ही काढून घ्यायची,” अंबिकाबाई एकेक शब्द सुटा ठेवत म्हणाल्या, “आणि ती सापडत नाही म्हणून धोका नाही, असंही तुम्हीच ठरवायचं.”

अंबिकाबाईंनी शल्यचिकित्सकाला बोलावून घेतले. त्या तरुण मेजरने आधी हिरवा दिवा पाहिला, मग पोटावर हात ठेवला, आणि त्याचा चेहरा उतरला. “आत्ता उघडायला हवं. पण सही?”

सही ओंकारनेच करायची होती. तो शुद्धीवर होता, सज्ञान होता आणि त्याचे म्हणणे अगदी स्पष्ट होते.

“कशाला, मॅडम? मी बरा हाय. आता शेवटचा भाग लागंल. हात काढायचा, झालं.”

“पोटात रक्त साचतंय, जगदाळे. दोन तासांत मराल.”

“हां,” ओंकार म्हणाला. पाऊण वाजला, असे कुणी सांगितल्यासारखा.

नियम असा की शुद्धीवरच्या माणसाच्या नकाराविरुद्ध त्याला कापता येत नाही. मनुष्याच्या स्वातंत्र्याचा हा नियम आहे आणि तो चांगला आहे. तो करणाऱ्यांनी एवढेच गृहीत धरले होते की नकार देणारा माणूस तोच असेल, जो होकार देऊ शकला असता.

पडद्यावर कडा आला. व्याळ आडवा झाला. ओंकारचा उजवा हात चादरीवरून उचलला गेला, बटणापासून दूर, छातीकडे. काजलने आधी त्याचा दंड हलवला, मग गाल. मग ती उठली आणि पडदा व पलंग यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

पडद्याला समोर डोळे दिसले, ते त्याने वाचले. ते काजलचे होते. भयांक तळापासून टोकापर्यंत चढला, फलक लाल झाला, आणि त्या कक्षात कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा घंटा वाजली. एका धडधाकट बाईच्या भीतीने ती वाजवली होती. परिचारिका धावत आल्या.

“बाजूला व्हा,” रिसबूड म्हणाले, “कथा तुटेल त्याची.”

“तुटू दे!” काजल ओरडली. मग नवऱ्याला म्हणाली, “कुठं निघालायसा? आँ? कुणाला इचारून? माझ्याकडं बघा. त्या पालीकडं नगं, माझ्याकडं बघा!”

ओंकारने नजर वळवून तिच्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या हळूहळू मोठ्या झाल्या.

“काजल,” तो म्हणाला, “पाणी दे. पोटात लई दुखतंय. काजल, मला भ्या वाटतंय गं.”

“वाटू द्या. मी हाय हितं. वाटू द्या.”

“कापा म्हणावं त्यांना. लवकर कापा. मला न्हाई मरायचं.”

त्याने कशीबशी सही केली आणि तिचे मनगट पकडले, ते शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत सोडले नाही. तिथे त्याची बोटे एकेक करून उकलावी लागली. बांगड्यांच्या काचा दोघांच्याही हातात रुतल्या होत्या.

शस्त्रक्रिया सुरू झाली तेव्हा उशीर झालेला होता. सकाळीच भीती वाटली असती, तर उशीर झाला नसता. हवालदार ओंकार जगदाळे टेबलावर मरण पावला.

शुश्रूषालयाने अहवालाची सुधारित आवृत्ती तत्परतेने काढली. पहिल्या वाक्यात आता ‘एक अपवाद वगळता’ हे शब्द होते. तळटिपेत म्हटले होते की भीतीच्या अवस्थेत मृत्यू पावलेला हा एकमेव रुग्ण असून, त्याचेच मालिकादर्शन नातेवाइकांनी खंडित केलेले होते. सबब शेवटच्या भागाच्या वेळी नातेवाइकांना कक्षात प्रवेश देऊ नये. पुराव्याचा इतका काटकसरी उपयोग अंबिकाबाईंनी पूर्वी पाहिला नव्हता. तो माणूस मेला, आणि त्याच्या मरणातून मालिका अधिक निर्दोष होऊन बाहेर आली.

सुनावणीत काजलला विचारण्यात आले की पतीचा शेवट शांत व्हावा, असे तिला वाटत नव्हते का.

“शांत तर तो आठ दिस हुता, साहेब. तो माझा नव्हता,” ती म्हणाली. “शेवटचा अर्धा तास घाबरला, तेवढा माझा हुता. त्येच्यात मला हाक तरी मारली. बाकीच्यांच्या बायकांना तेवढंबी मिळालं न्हाई.”

रिसबूड आपल्या जबानीत उत्तम बोलले. मरणाचा स्वीकार ही संस्कृतीची परिणती आहे. भीती हा पशूचा अवशेष आहे. आपण सैनिकांना तेच दिले, जे ऋषींनी मागितले असते. सदस्यांपैकी काहींनी माना डोलावल्या. यंत्राची वजाबाकी ही तांत्रिक त्रुटी आहे, ती दुरुस्त होईल, असेही त्यांनी सांगितले. अंबिकाबाईंनी त्यांना पुरते बोलू दिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: रिसबूड यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली, मरणाच्या भीतीने दिवसभर हाका मारणारी एक वृद्धा आहे, तिला त्यांनी व्याळगाथा कधी दाखवली का?

दालनात फोन वाजू लागला. तो कुणी केला असेल, हे सर्वांना कळले. रिसबूड यांनी तो हातात घेतला, पण उचलला नाही. त्यानंतर त्यांनी दिलेले उत्तर समितीच्या कामकाजात शब्दशः नोंदलेले आहे:

“नाही. आईला मी ती दाखवली नाही. पडदा घरी आणला होता, तिच्या खोलीत लावलाही होता, आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकला. ती घाबरते म्हणून हाक मारते. ती हाक मारते म्हणून मी उठून जातो. दोनदा खरंच तिचा श्वास अडकला होता, आणि मी गेलो म्हणून ती वाचली. तिची भीती घालवणं मला अवघड नव्हतं, बाई. पण मग मला बोलावलं कुणी असतं?”