कालचंच पुढे

संगणकावरची नोंद तुम्ही मनापासून कधी स्वीकारलीत, असा तुमच्या फॉर्ममधला तिसरा प्रश्न आहे ना? लिहा. एका गुरुवारी, सकाळी आठ वाजता.

त्याआधी मी या संगणकाच्या नावाने खडे फोडत होते. या वॉर्डातली सगळ्यांत जुनी सिस्टर मी. नाडी मोजायची, कागदावर उतरवायची, मग तेच पडद्यावर भरायचं, म्हणजे एका कामाची दोन कामं. ‘हे डबडं पेशंटला पाणी पाजणार आहे का?’ असं मी शिकवायला आलेल्या बाईंना तोंडावर विचारलं होतं. त्या हसल्या आणि जाताना मला एक बटण दाखवून गेल्या. ‘कालचंच पुढे’. ते दाबलं की कालची सगळी नोंद आजच्या तारखेला उमटते. बाकीच्या सिस्टर ते गुपचूप वापरायच्या. मी नाही.

मग माझी ताई अकरा नंबरच्या खाटेवर आली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सिस्टर, आजची रात्र... फार तर.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तिची नाडी मोजायची मला हिंमतच होईना. मी बटण दाबलं.

दुपारी जवळ गेले, तर नाडी चौऱ्याऐंशी. कालच्याइतकीच. ताप तेवढाच. ताई म्हणाली, “खिडकी लाव गं, झोत येतोय.” हेही तिचं कालचंच. शुक्रवारी तसंच, शनिवारी तसंच. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तिची नखं वाढत नव्हती, तिकडे मी काणाडोळा केला. सुट्ट्या रद्द करून रोज आठच्या ठोक्याला हजर. एकदा बस चुकली, अर्धा तास उशीर झाला, तर वॉर्डातून फोन, ताईला धाप लागलीय. धावत आले ते आधी बटणाकडे, मग खाटेकडे. मेट्रनबाई सगळ्यांना सांगायच्या, “बघा, हिने कसं मनावर घेतलंय.”

एकेचाळिसाव्या दिवशी ताई वेगळं बोलली.

“पुरे गं आता... दमले मी.”

दुसऱ्या सकाळी मी बटणाला हात लावला नाही. साडेआठला ताई गेली, माझा हात धरून. मृत्यूची वेळ टाकून नोंद मी स्वतः बंद केली.

याला आठवडा झाला. सोमवारी कामावर आले, तर अकरा नंबरची नोंद उघडी. नाडी अठ्ठ्याहत्तर. ही कालची नव्हती, नवी होती. मंगळवारी, ‘पेशंट उठून बसली.’ बुधवारी, ‘आधाराशिवाय चालली.’ संगणकवाल्यांनी तपासून सांगितलं, नोंदी तुमच्याच नावाने आहेत, जरा आराम करा. खाट ती बघा, रिकामी. गादीसुद्धा काढून ठेवलीय.

आज दुपारी आणखी एक नोंद आली. तुम्हीच वाचा. ‘घरी सोडलं. सोबत बहीण.’

माझी ड्यूटी दोनला संपली. घरी मी एकटीच असते. ताईवर माझा जीव होता, तरी आज घरी जायला पाय उचलत नाही. नोंदीतली वेळ बघितलीत? संध्याकाळी साडेसात. आता सात वाजून दहा मिनिटं झालीत.

तुमचा फॉर्म भरून झाला असेल... पण आणखी वीस मिनिटं बसाल का माझ्याजवळ?