अतीत कोण?

बसा, पोट्टेहो. अन ते मोबाईल खिशात घाला. मधात कोणाचा वाजला तं मी उठून चाललो जाईन, मंग बसा एकमेकाच्या तोंडाकडं पाहत.

वणीकडचं गाव. नाव घेत नाई, आता ते गावच राह्यलं नाई. कोळशाच्या खाणीत गेलं. तिथला अमर माह्या चांगल्या ओळखीचा. सांगतो ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं हाये.

गाव उठवाचं ठरलं तवा घराचा, विहिरीचा, आंब्याच्या झाडाचा मोबदला ठरला. मेलेल्या माणसाचं कोणी इचारलंच नाई. गावानं बोंब मारली, तवा साहेब म्हणे, जो आपल्या माणसाची माती दाखवन, त्याची हाडं नव्या गावात नेऊन देऊ. आता दाखवणार कोण? कोणत्या गोट्याखाली कोण निजलं, हे म्हाताऱ्यांनाच ठाऊक. अमरनं ते काम अंगावर घेतलं. एकेका म्हाताऱ्याचा हात धरून मसनवटीत नेलं. हा कोणाचा आजा, ही कोणाची चुलती, इचारून इचारून गोट्यावर चुन्यानं नावं लिहिली. कोणाचा पणजा कुठून आलता, कोणाची आत्या कुठं देली होती, सारं पोराले तोंडपाठ झालं. गाव त्याले मानाले लागलं. पोरगं थोडं फुगलंही, खोटं कायले बोलू.

एका संध्याकाळी त्याची माय भागीरथा म्हणाली, "साऱ्या गावाचे शोधले बाप्पा. माही बबिता कुठं हाये?"

बबिता म्हणजे अमरच्या आधीची. भिंत धरून उभी राहाले लागली होती, अन तापानं गेली. त्या गावात मेलं माणूस जाळत नाई, पुरतात. अन लहान लेकराची जागा मायले सांगत नाई, नाई तं ती तिथंच जाऊन बसन. बापानं एकट्यानं नेली, वर बोराटीचे काटे टाकले, घरी येऊन आंघोळ केली. मंग हा झाला, म्हणून नाव अमर ठेवलं. बाप पुढं मेला, पण जागा काई सांगून गेला नाई.

अमरनं लय धुंडलं. कोणी म्हणे चिंचेखाली, कोणी म्हणे नाल्याकडं. तिकडं मसनवटीच्या एका अंगाले डंपर माती टाकून राह्यले होते. मायनं जेवण सोडलं. म्हणे, तिले टाकून मी नव्या गावात येत नाई.

चिंचेखाली एक लहानसा गोटा होता. त्याच्यावर कोणी हक्क सांगतला नव्हता. अमरनं त्याच्यावर चुन्यानं लिहिलं, बबिता. अन मायले म्हणे, सापडली.

समोर माय रडून राह्यली असन तं खोटं बोलाले काई जोर लागत नाई रे. त्याचा राग येते मले, अन दयाही येते.

हाडं कायची, चिमूटभर. मायनं आपल्या लुगड्याचं झबलं शिवलं, त्यात बांधली. नव्या गावात सारा लाल मुरूम. तिथं खड्डा केला. अमरनं मूठमाती देली, मायनंही देली. त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली. अन जुन्या मसनवटीवर मातीचा डोंगर उभा राह्यला.

आता गेल्या सालची पोळ्याची अमावस्या. रात्रीचे नऊ वाजले असन. पिठोरीचा दिवस. तुमच्याही आया करतात ना? खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरून, दाराकडं पाठ करून इचारतात, अतीत कोण? म्हणजे दारात पाहुणा कोण? मागून लेकरानं नाव सांगाचं अन खाऊ घ्याचा.

भागीरथाच्या ताटात दोन वाट्या होत्या.

"अतीत कोण?"

"मी, अमर."

त्यानं आपली वाटी घेतली, खाली मांडी घालून बसला, वाटी पुढ्यात ठेवली. माय तशीच उभी. त्यानं इचारलं, आता कोणाची वाट पाहून राह्यली? म्हणे, तिची. आता आली ना ती नव्या गावात.

अमरनं वाटीले हात लावला नाई.

"अतीत कोण?"

कोणी नाई.

लाइट गेली. बाहेर कुत्रं भुंकत होतं... ते थांबलं.

"अतीत कोण?"

"...मी."

दारातून. खालून. गुडघ्याएवढ्या उंचीवरून.

माय हसली. तिनं मागं पाह्यलं नाई.

"बबिता?"

...

"नाई."



"मी बबिता नाई, माय. मले नाव नाई ठेवलं..."

...

"बबिता तिथंच हाये, जुन्या गावात. तिच्यावर लय माती हाये."

भागीरथा हालली नाई. मंग तिनं दुसरी वाटी घेतली, न पाहताच हात मागं केला.

"घे," म्हणाली. "तू तं खा."

वाटी हातातून गेली. हलकेच.

लाइट आली तवा दारात कोणी नव्हतं. वाटी उंबऱ्याबाहेर, चाटून साफ. ते जाऊ द्या, कुत्र्यानं चाटली म्हणता येते.

मायनं अमरकडं पाह्यलं. तवापासून त्याच्यासंग बोलत नाई. भाकर वाढते, अन तोंड फिरवून घेते.

त्या रात्री त्यानं मान खाली घातली. त्याची वाटी तिथंच होती, त्याच्या मांडीपाशी. कोणी जवळ आलं नव्हतं. खीर तशीच, अन खिरीवर माती. नव्या गावात साऱ्या शिवारात लाल मुरूम हाये. ही काळी होती, जुन्या गावची, ओली. अन तिच्यावर बोटं उमटलेली होती.

एका लहान लेकराची मूठ भरन, तेवढीच माती होती.