मामाजींच्या कानाचं मशीन

शिट्टी वाजली...

बारीकशी. कुकरची नव्हती. गॅस बंद होता. घरात मी आणि झोपलेली पोरगी, दोघीच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या अंगणात तूर पाखडत होत्या.

पटो न पटो, यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. यंदाचा फेब्रुवारी. शुक्रवार, दुपारचे अडीच. सौंसरचं आमचं घर, रामाकोन्याच्या रस्त्याकडचं.

चार वर्षांची ऋतू झोपली की माझं ऑफिस उघडतं. तिचा एक पाय माझ्या मांडीवर, लॅपटॉप समोर पाटावर.

काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संगणकाला काय काय जोडलंय ते ओळखणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा कोड, मी लिहीत होते. तिच्या मुख्य भागाला एकही उपकरण ओळखता येत नाही. मुद्दामच. ओळखायचं काम प्लगइनचं, म्हणजे वेगळ्या जोडतुकड्याचं. प्रिंटरसाठी प्रिंटरचा प्लगइन, कॅमेऱ्यासाठी कॅमेऱ्याचा. मुख्य भाग फक्त एकेकाला विचारतो, "तुझं कोणी आलंय का?" प्लगइन काढला, की ते उपकरण त्याच्यासाठी जगातच नाही.

चार वाजता पुण्याच्या कंपनीतल्या अर्चना मॅडमना व्हिडिओ कॉलवर हेच दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर लॅपटॉप कायमचा बंद... हे घरात ठरलेलं होतं. ठरवलं होतं मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी.

मामाजींना कमी ऐकू यायचं. माझ्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, नागपूरहून ब्लूटूथचं मशीन आणून दिलं होतं. त्याला नावही दिलं होतं, 'बाबा'. कानात नीट बसलं नाही की ते बारीक शिट्टी मारायचं. मी माझ्या कामाचा विषय काढला, की मामाजी ते काढून खिशात टाकायचे.

विषय संपला!

कानाच्या मशीनचा प्लगइन मी त्यांच्याच मशीनवर तपासला होता. दिवाळीनंतर ते गेले. तेरवीच्या दिवशी मी तो प्लगइन पुसून टाकला.

जोडलेल्या उपकरणांची यादी देणारा प्रोग्रॅम चालवला. पाच प्लगइन, पाच ओळी यायला हव्यात.

सहा आल्या...

सहावी होती, 'बाबा. जोडलेले. सिग्नल कमजोर.'

फोल्डर उघडलं. कानाच्या मशीनचा प्लगइन नव्हता. पुन्हा चालवलं.

सिग्नल मध्यम...

मी हाक मारली. "आत्याबाई, मामाजीचं मशीन कोणाले देलं आपण?"

त्या पदराला हात पुसत आल्या. "कोणाले देऊ? कानातच होतं त्यांच्या. मीच काढू नाही देलं. वर कोणी नाव घेऊन बलावलं, त ऐकू नको ये?"

"म्हणजे... जळलं?"

"नाही त काय! काहून विचारून राहिली?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांचे ओठ हलले. बाबा...

शिट्टी. आता याच खोलीत.

"बंद कर वं ते," त्या कुजबुजल्या. "त्यांले नव्हतं आवडत. तेच सांगाले आले."

सोपं होतं. मुख्य भागात एक ओळ लिहायची, हे नाव आलं तर वगळ. मॅडमना पाचच दिसल्या असत्या. पण मग मुख्य भागाला एकाची ओळख झाली असती, आणि ज्या रचनेसाठी चार महिने खपले ती सगळी खोटी ठरली असती.

नाही लिहिली.

पुन्हा चालवलं.

सिग्नल पूर्ण...

पूर्ण म्हणजे हातभर अंतर.

मी मागे पाहिलं नाही. ऋतूचं पाऊल मुठीत घट्ट धरलं. गरम होतं, घामेजलेलं. आणि मोठ्यानं बोलले.

"मामाजी, आले असाल त बसा. जित्तेपणी ऐकलं नाही, आता ऐका. मी उठून नाही राहिली. पोरीले झोपवून झोपवून केलेलं काम आहे हे. लॅपटॉप बंद होणार नाही. अन् आता मशीन खिशात टाकता येत नाही तुमाले!"

आत्याबाई ओरडतील असं वाटलं. त्यांनी पदर खोचला आणि माझ्या पाठीमागच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाल्या,

"चाळीस वर्षं माह्यं बी नाही ऐकलं तुमी. बसा आता गुमान."

शिट्टी थांबली.

चार वाजता अर्चना मॅडमनी यादी पाहिली. "प्लगइन पाच. मग ही सहावी ओळ कसली?"

"आमच्या घरची आहे, मॅडम. शोधते."

त्या हसल्या. "डिझाइन स्वच्छ आहे. पक्क्या नोकरीचं पत्र पाठवते."

सहावी ओळ अजून गेलेली नाही. दुसऱ्या कुठल्याच लॅपटॉपवर ती येत नाही. माझ्या लॅपटॉपवर रोज येते. सिग्नल पूर्ण. मी काम सोडलेलं नाही. फक्त आता पाठ भिंतीला टेकवून बसते...

काल दुपारी ऋतू शिट्टीनं जागी झाली. मामाजींना ती आबाजी म्हणते.

"आई, आबाजीनं मशीन लावलं?"

"हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हंजे त्याईले आपलं ऐकू येते?"

मी तिच्या कपाळावरचे केस मागे केले. तिनं भिंतीला कान लावून पाहिला.

"मग आपल्याले त्याईचं काहून नाही ऐकू येत?"