सातव्या अंकातला हिरवा घोडा

"हात धुतले का?" मामाने तिसऱ्यांदा विचारलं.

"धुतले," तिघं एका सुरात म्हणाले. खरं तर दोघांनीच धुतले होते. तिसऱ्याचं नाव सांगत नाही, पण तो पार्सलची दोरी दाताने सोडवायला निघाला होता, एवढं सांगतो.

सुट्टीला मामाकडे आलेली ही तीन पात्रं. मिनिट, जी कुठल्याही कामाआधी "एक मिनिट" म्हणते. तिचा धाकटा भाऊ पहिलवान, ज्याला वाऱ्याच्या दिवशी हाताला धरून न्यावं लागतं. आणि त्यांचा मावसभाऊ गोंद्या. तो प्रश्न विचारायला चिकटला की सुटत नाही, म्हणून गोंद्या. वय अकरा.

पार्सलात होता मामाचा जीव की प्राण. 'तारकापुरी चित्रकथा' नावाचे पातळ, रंगीत अंक. एकेका अंकात एकेक परीकथा. मामाने चाळीस वर्षं रद्दीची दुकानं आणि ओळखीपाळखीच्यांचे माळे पालथे घालून अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस अंक जमवले होते. त्यातले पहिले बारा त्याच्या लहानपणचे, घरातलेच. त्यांच्या पिना गंजल्या होत्या, म्हणून त्या काढून दोऱ्याने शिवायला ते बाइंडरकाकांकडे दिले होते. मामीने ते आज सकाळीच आणले होते.

मामाला मात्र ते पाहता येत नव्हते. त्याच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि त्यावर पट्टी होती. दुसरा डोळा आधीच इतका मंद, की त्याने मामी कुठली आणि कपाट कुठलं हे आवाज आल्यावरच कळायचं. पट्टी शुक्रवारी सकाळी निघणार होती. आज बुधवार.

"सातवा काढा," मामा म्हणाला. "शेवटचं पान उघडा. सांभाळून."

सातवा अंक होता 'मुकी राजकन्या आणि बोलका घोडा'. मिनिटने शेवटचं पान उघडलं. त्यावर फक्त रेषांचं चित्र होतं. घोडा, राजकन्या, मागे राजवाड्याची कमान. वर छापलं होतं: 'बालमित्रांनो, हे चित्र तुम्ही रंगवा.'

"दिसला का हिरवा घोडा?" मामाने विचारलं. "आमच्याकडे तेव्हा दोनच खडू उरले होते, एक हिरवा, एक जांभळा. दादा म्हणाला, घोडा बोलतो हे चालतं, तर हिरवा का नाही चालणार? एका बैठकीत रंगवला पठ्ठ्याने."

दादा म्हणजे मामाचा थोरला भाऊ. मुलांचा थोरला मामा. पण तो थोरला कधी झालाच नाही. अकराव्या वर्षी तापाने गेला. त्याचा फोटो नव्हता, वही नव्हती, सदरा नव्हता. त्याच्या हातचं म्हणावं असं या जगात एकच होतं, तो हिरवा घोडा.

मिनिटच्या समोरचं पान कोरं होतं. घोडा पांढरा, राजकन्या पांढरी, कमान पांढरी.

"दिसला का?" मामाने पुन्हा विचारलं.

"हो मामा," मिनिट म्हणाली. "हिरवागार आहे."

पहिलवान काहीतरी बोलणार होता. गोंद्याने त्याच्या पायावर पाय दिला.

मामा खुर्चीत मागे टेकला. इतका निश्चिंत दिसला की मिनिटला स्वतःचीच लाज वाटली.

तिघं गच्चीच्या जिन्यात जाऊन बसले.

"खोटं का बोललीस?" पहिलवानने विचारलं.

"मग काय सांगू? तुझ्या दादाचा घोडा पळाला?" मिनिट म्हणाली. "शुक्रवारपर्यंत तो परत आणायचा. नाहीतर पट्टी निघाल्यावर मामा पहिल्यांदा तेच पान बघणार."

"बाइंडरने रंग खोडला असेल. खोडरबरने," पहिलवान म्हणाला.

"मेणाचा खडू खोडरबरने जात नाही," गोंद्या म्हणाला. "मी शाळेच्या भिंतीवर प्रयोग केलाय. आणि प्रयोगानंतर ती भिंत मलाच घासावी लागलीय." तो अंक उलटसुलट करून पाहत होता. एकदम थांबला. "सहावा आणि आठवा घेऊन या बरं."

अंकांच्या मलपृष्ठावर एक यादी होती, 'आतापर्यंत निघालेले अंक'. सहाव्या अंकावर ती सहाव्याच्या नावाशी संपत होती. आठव्यावर आठव्याशी.

"आता हा सातवा बघा," गोंद्या म्हणाला.

सातव्यावरची यादी संपत होती अठ्ठेचाळिसाव्या नावाशी.

"सातवा अंक निघाला तेव्हा अठ्ठेचाळिसावा जन्मला तरी होता का?" गोंद्याने विचारलं. "त्याचं नाव यादीत आलं कुठून? म्हणजे हा अंक नंतर पुन्हा छापलेला आहे. मामाचा नाहीच हा. कोणीतरी अदलाबदल केलीय."

पहिलवान हळूच म्हणाला, "मामी."

संशयाला कारण होतं. मामीला अंकांचे ते डबे डोळ्यांसमोर नको असायचे. मामा शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. तिथली सवय म्हणून त्याने प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती, आणि मामीच्या साखरेच्या डब्यालाही सोडलं नव्हतं. 'तुमची रद्दी' याशिवाय मामीने त्या अंकांना दुसरं नाव दिलं नव्हतं.

मामी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मिनिटने पुसायला मदत करायला घेतली. हीच चूक झाली, कारण मामी लगेच सावध झाली.

"काय हवंय?"

"काही नाही. मामी, पार्सल आणताना तू उघडून बघितलंस?"

"मी कशाला बघू? बारा दिले, बारा घेतले. सही केली नि निघाले."

"वाटेत कुठे ठेवलंस?"

"डोक्यावर," मामी म्हणाली. "काय उलटतपासणी चाललीय? हां, तो बाइंडर मात्र काहीतरी म्हणाला होता. 'आत काय केलंय ते पट्टी निघाल्यावर त्याचं त्याला कळेल,' असं म्हणाला आणि हसला. मला त्याचं हसणं कधीच कळत नाही. निरोप द्यायचा राहिलाच बघ."

मिनिटने हातातली ताटली तशीच ओली ठेवली आणि जिन्याकडे धूम ठोकली.

जिन्यात परत बैठक बसली. बाइंडरकाका स्वतःही तेच अंक जमवतात, हे मामानेच सांगितलं होतं. मामाकडे अठ्ठेचाळीस आणि बाइंडरकाकांकडे सत्तेचाळीस, हा वाद दोघांत वर्षानुवर्षं चालू होता.

"म्हणजे पहिल्या छपाईचा सातवा त्यांना हवा होता," गोंद्या म्हणाला. "चांगला तो ठेवून घेतला, साधा आपल्या गळ्यात मारला. वर हसायचं."

"सरळ जाऊन मागू या," पहिलवान म्हणाला.

"आणि ते 'कुठला घोडा, कसला घोडा' म्हणाले तर? लपवून टाकतील. आधी तो अंक त्यांनीच बाहेर काढायला हवा." मिनिट विचार करत म्हणाली. "त्यांनी आपल्याला कधी पाहिलेलं नाही ना?"

बाइंडरकाकांचं दुकान बाजारामागच्या अरुंद गल्लीत होतं. दार अर्धंच उघडं. आत खळीचा आंबूस वास, भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. दुपारच्या उजेडातही काका दिवा लावून बसले होते. मिनिटची चाहूल लागताच त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. खिडकीखाली दडलेल्या गोंद्याने आणि पहिलवानने ते बरोबर टिपलं.

"काय गं?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काका, माझ्या ताईकडे तारकापुरीचा सातवा अंक आहे. त्यातलं एक पान फाटलंय. तुमच्याकडे जास्तीचं पान मिळेल, असं कोणीतरी सांगितलं."

"अंक घेऊन ये. मग बघू."

"आणते. पण आधी पान आहे का ते तरी सांगा. नसेल तर ताई म्हणेल, उगाच उन्हात पळवलंस. आणि तसंही, इतक्या जुन्या अंकाचं पान तुमच्याकडे कुठून असणार?"

हे शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. अंक जमवणाऱ्या माणसाला 'तुमच्याकडे कुठून असणार' म्हणून बघा एकदा, तो गादीखालचंसुद्धा काढून दाखवतो.

"कुठून असणार म्हणजे?" काका ताठ झाले. "आजच एक सातवा उसवलाय मी. दोन खराब प्रतींतून एक चांगली करायची, असंच काम असतं आमचं. एका गिऱ्हाईकाच्या अंकाचं पहिलं पान गेलंय, ते याचं लावतोय. बाकीच्यातलं तुला हवं ते घे."

त्यांनी वर्तमानपत्र उचललं.

खाली अंकाचे सुटे कागद होते. अशा पातळ अंकात एक लांब कागद मधोमध दुमडलेला असतो. त्याचा एक अर्धा म्हणजे पहिलं पान, दुसरा अर्धा म्हणजे शेवटचं. तो लांब कागद लाकडी फळीवर उलगडून ठेवला होता. घडीवर पोलादी पट्टी दाबलेली होती. पट्टीच्या डाव्या बाजूला, जांभळ्या कमानीखाली, हिरवा घोडा होता. थोडा रेषेबाहेर गेलेला, शेपटीकडे खडू जोरात दाबलेला.

"ही डावी बाजू रेघोट्यांनी बिघडलीय, ती जाईल टोपलीत," काका म्हणाले आणि त्यांनी कटर घडीवर टेकवला.

"एक मिनिट," मिनिट म्हणाली. आणि पुढचं काही न सुचून तिने आपला हात सरळ घडीवर ठेवला.

काकांचा हात जागीच थांबला. "अगं बोट कापलं असतं ना! वेडी का खुळी?"

तोवर दार ढकलून दोघं आत आले होते. पहिलवान, ज्याला वारासुद्धा उडवतो, तो दारात हात पसरून उभा राहिला. "तो घोडा आमच्या मामाचा आहे. तुम्ही चोरलात."

"चोरला?" काकांचा चेहरा लाल झाला. "कोण मामा?" मग तिघांकडे बघून त्यांच्या लक्षात आलं. "तुम्ही त्याचे भाचे? अरे, चोरी कसली? माझी स्वतःची प्रत दिली मी त्याला. कोरी करकरीत, एक रेघ नाही. त्याच्या प्रतीत ही रंगरंगोटी, वर्षानुवर्षं तशीच बाळगतोय. म्हटलं, डोळ्यावरची पट्टी निघेल तेव्हा नवीन डोळ्याला स्वच्छ अंक दिसू दे. तीस वर्षांची दोस्ती आहे आमची. त्याला सांगितलं असतं तर घेतली नसती, म्हणून गुपचूप घातली. आणि त्याच्या घरचं कोणी येईल म्हणून त्याची प्रत झाकून ठेवली."

"ती दुसऱ्या छपाईची आहे," गोंद्या म्हणाला. त्याच्याने राहवलं नाही.

"छपाई दुसरी, पण डाग नाही! तुला काय कळतंय त्यातलं?"

"काका," मिनिट म्हणाली, "हा घोडा मामाच्या मोठ्या भावाने रंगवलाय. तो अकरा वर्षांचा असताना गेला. त्याचा फोटोसुद्धा नाहीये. एवढंच आहे."

काकांनी कटर खाली ठेवला. बराच वेळ ते त्या घोड्याकडे बघत राहिले.

"तीस वर्षांत बोलला नाही कधी," ते शेवटी म्हणाले. "आणि मीही विचारलं नाही. आम्ही बसलो की कागद, पिना, छपाई, एवढंच." त्यांनी पोलादी पट्टी अलगद काढली. कागदाच्या घडीवर कटरच्या टोकाची बारीकशी खूण उमटली होती, बस तेवढीच. "बसा इथे. माझ्या डोळ्यांदेखत चोर म्हणालात, आता तुमच्या डोळ्यांदेखत शिवतो."

पहिलवानने दार सोडलं नाही. म्हणाला, शिवून होईपर्यंत त्याचा संशय कायम आहे. काकांनी पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत प्रत्येक टाका त्याला दाखवून घातला.

शुक्रवारी पट्टी निघाली. मामा घरी आला तेव्हा बाइंडरकाका आधीच येऊन बसले होते, मान खाली घालून. मिनिटने सगळं सांगितलं, बुधवारच्या खोट्यासकट. मामाने अंक मांडीवर घेतला, शेवटचं पान उघडलं आणि घोड्याच्या शेपटीवरून बोट फिरवलं.

"दादा चिडला होता इथे," तो म्हणाला. "मी खडू मागत होतो ना सारखा. दिला नाही मला." मग त्याचे डोळे भरले आणि मामी पदराने ते टिपायला धावली. "डोळा चोळू नका हो," ती म्हणाली. त्यानंतर तिने त्या डब्यांना रद्दी म्हटलेलं कोणी ऐकलं नाही.

"चाळीस वर्षं अंक जमवतोय," मामा मुलांना म्हणाला, "पण यादीवरून अंक ओळखायची अक्कल मला तिसाव्या वर्षी आली. तुम्ही एका दुपारी शिकलात. आणि घोडा राखलात माझा. शाबास रे पोरांनो."

"आणि ही प्रत मी परत नेतो," बाइंडरकाका पुटपुटले. त्यांनी कोरा सातवा अंक उचलला.

"थांब. दिलेली वस्तू परत नेतात का?" मामाने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, शेवटचं पान उघडलं आणि टेबलावर मुलांपुढे ठेवला. शेजारी खडूंचा डबा ठेवला.

"अरे, अरे, काय करतोस?" काका उभेच राहिले. "अशी कोरी प्रत शोधून सापडणार नाही."

"वर काय छापलंय ते वाच की," मामा म्हणाला. "'बालमित्रांनो, हे चित्र तुम्ही रंगवा.' तू रंगवलं नाहीस, मी रंगवलं नाही. आपण नुसते डब्यात घालून बसलो. सांगितलेलं ऐकलं ते एकट्या दादाने."

मुलं वाकून बसली. गोंद्याने घोडा निळा करायला घेतला, मिनिटने राजकन्येचा झगा, आणि पहिलवानने आकाश, कारण त्यात चुकायला काही नसतं. थोड्या वेळाने बाइंडरकाकांनी खुर्ची पुढे ओढली आणि कमान आपल्याला द्या म्हणाले. त्यांचा खडू रेषेबाहेर जात होता, म्हणून मिनिटने त्यांना दोनदा टोकलं.